येऊन राहिलो

माझी सायकल अमरावतीला आहे आणि मी युगांडात आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा इतक्या लोकांना ऐकवलं आहे की घरात पाहुणा आला आणि बोलण्यात जरा खंड पडला की माझ्या दोन्ही मुली एकमेकींकडे बघतात आणि बायको चहाचं निमित्त करून उठते. पुढचं सगळं त्यांना पाठ आहे. सायकल विलायती. काळी. कॅम्पातल्या एका साहेबानं मायदेशी परतताना विकून टाकलेली. साहेब ताडासारखा असल्यामुळे तिच्या सीटचा दांडा पार वर ओढलेला, आणि त्या उंचीवर बसून ज्याचे पाय पायडलपर्यंत पोचतील असा अख्ख्या आमच्या भागात मीच एक निघालो. माझ्या उंचीचा आयुष्यात झालेला हा एकुलता एक उपयोग. बाकी दारांच्या चौकटींनी तिचा समाचारच घेतला.

सायकली इथंही आहेत. किंबहुना या देशात सगळं सायकलवरच चालतं. मी ज्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काम करतो तिथं कापूस सायकलवर येतो, बाजारात केळीचे घड सायकलवर येतात, एकदा तर आरशाचं कपाट सायकलवर आलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. माझीही एक आहे. चांगली आहे बिचारी. पण तिच्यावर बसलो की मला दुसऱ्याच्या घरी पाटावर बसल्यासारखं वाटतं.

दर रविवारी सकाळी मी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडतो आणि एकटाच फिरून येतो. रस्ता तांबड्या मातीचा, सारखा चढ नि उतार. मनात मात्र मी वेगळ्याच रस्त्यावर असतो. फाटक ओलांडलं की अंबागेट. केळीची पहिली बाग आली की राजापेठ. मग एक मोठा उतार लागतो, तो मी धरतच नाही, कारण अमरावतीहून बदनेऱ्याला जाताना असा उतार कुठंच नाही. त्यापुढं एक जुनं आंब्याचं झाड आहे. ते बदनेरा स्टेशन. तिथं उतरायचं, सायकल खोडाला टेकवायची, थोडा वेळ बसायचं, आणि गाडी आली नाही असं ठरवून परत फिरायचं. पन्नाशीकडं झुकलेला, चष्मा लागलेला, दोन मुलींचा बाप असा हा खेळ खेळतो हे कारखान्यात कुणाला ठाऊक नाही. ठाऊक झालं तर माझ्याकडे कापूस पारखायचं काम ठेवणार नाहीत.

आणि इथं पंक्चर होत नाही हो. हे सांगितलं की लोक हसतात, पण मला खरोखर करमत नाही. अमरावती-अकोला रस्त्याला दोन्ही अंगांनी बाभळी होत्या. हंगामात कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, त्यांच्या खालून जायच्या आणि फांद्यांना कापूस अडकून राहायचा. झाडं एका महिन्यात म्हातारी झाल्यासारखी दिसायची. खाली काट्यांचा सडा. एका फेरीला दोन पंक्चर ठरलेली. त्यात पावसाळ्यात आपली काळी माती. ती चाकाला नुसती लागत नाही, चाकात राहायला येते. मडगार्ड गच्च भरतं, चाक फिरायचं थांबतं, आणि मग सायकल खांद्यावर घेऊन माणूस चालू लागतो. इथली तांबडी माती पाणी टाकलं की निघून जाते. चार महिने हवा न गेलेली ट्यूब आणि एका तांब्यात धुऊन निघणारं चाक, यांच्याइतकं परकं मला या देशात दुसरं काही वाटलं नाही.

अमरावतीला आमचा मळा होता, वडाळीच्या वाटेवर. होता म्हणजे आहे. दादा तो करतो. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यानं आणि वहिनीनंच मला वाढवलं. वांगी, मेथी, सांभार आणि सणाला झेंडू, एवढ्यावर आमचं घर चालायचं. सांभार म्हणजे कोथिंबीर. हे कंसात सांगावं लागतं हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

दादा ठेंगणा आणि रुंद. त्याला सायकल येत नव्हती. मी एकदा शिकवायला घेतली. मागून सीट धरून मळ्याच्या पायवाटेनं पळालो, आणि दादा सरळ मेथीच्या वाफ्यात गेला. मेथीत बसूनच त्यानं सायकल नीट न्याहाळली आणि मला विचारलं,

"बंडीलेही दोनच चाकं राहतात ना बे?"

"हो."

"ते शेजारी शेजारी राहतात. म्हनून ते पडत नाही. हे एकामागं एक काहून लावले?"

वहिनी विहिरीवरून ओरडली, "चाकाचं सोडा, माही मेथी कोन उभी करून देते?" सायकलचा विषय तिथं संपला. त्यानंतर दादा माझ्या सायकलला फक्त एकाच कामासाठी हात लावायचा. हवा भरायला. ते त्याला फार आवडायचं. पंपावर वाकून तो अशा तब्येतीत हवा भरायचा की जणू विहिरीचं पाणी काढतोय.

पुढं मला अकोल्याच्या एका जिनात कारकुनी लागली. शनिवारी दुपारी काम सुटलं की मी सायकलवर टांग मारून अमरावतीला निघायचो. बोरगाव, मूर्तिजापूर, बदनेरा, आणि घर. साठेक मैल. दर शनिवारी, असं मी सांगतो. बायको अकोल्याची; ती म्हणते महिन्यातून एकदा, आणि तेही मूर्तिजापुरात दम गेला की सायकल गाडीत टाकून. खरं काय ते मूर्तिजापूरच्याच आसपास कुठंतरी असावं. वारा मात्र माझ्या बाजूनं साक्ष देईल. उन्हाळ्यात तो पश्चिमेकडून यायचा, म्हणजे घरी जाताना पाठीत आणि परत अकोल्याला जाताना तोंडावर. घरी मी ढकलला जायचो आणि नोकरीवर मला स्वतःला न्यावं लागायचं. त्यावरून मी तेव्हाच काही शिकायला हवं होतं.

शनिवारी दादा बांधावर बसलेला असायचा. बाजूला पाण्याचा गडवा. मी दिसलो की म्हणायचा, "आला का बे?" एवढंच. मग सायकल आडवी पाडून एक काडी घ्यायचा आणि मडगार्डातली माती कोरत बसायचा. मी जेवून उठेपर्यंत चाक फिरू लागलेलं असायचं.

आता त्या जिनातले हेडक्लार्क. ते पुण्याचे होते. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्या कानांना आमची बोली टोचायची. एक दिवस त्यांनी विचारलं, "ते मुंबईचं पत्र झालं का?"

मी म्हटलं, "लिहून राहिलो, साहेब."

"लिहून झालं ना?"

"नाही, लिहून राहिलो."

"अहो, लिहून झालं असेल तर द्या. आणि लिहून झाल्यावर आपण राहिलात कुठे?"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो, आणि तिथंच चुकलो. चिडलो असतो तर बरं झालं असतं. हसलो म्हणून ते मनात जाऊन बसलं. त्या दिवसापासून मी भाषा सुधारायला घेतली. मले गेलं, मला आलं. काहून गेलं, का बरं आलं. वर्षभरात मी पुणं न बघता पुणेकर झालो. एका शनिवारी घरी जेवताना म्हणालो, "वहिनी, भाजीत कोथिंबीर फारच छान लागते आहे." दादानं हातातला घास खाली ठेवला आणि वहिनीला म्हणाला, "याच्या अंगाले हात लावून पाहाय वो. ताप असन."

लग्न झालं. मग एक गुजराथी शेठ युगांडात नवं जिन उभं करत होते, त्यांना रेच्यांवरचं काम समजणारा माणूस पाहिजे होता. रेचे म्हणजे सरकी वेगळी काढणारी यंत्रं. मला दुसरं काही समजत नव्हतं, हे तेवढं समजत होतं. तीन वर्षांचा करार. दादा बदनेऱ्याला पोचवायला आला. मी सायकलवर गेलो आणि तो कुणाच्या तरी बंडीत सामान आणि माझी बायको घेऊन मागून आला. गाडी दिसू लागली तेव्हा मी सायकल त्याच्या हातात दिली.

"सीट कोणाला हलवू देऊ नको," मी म्हणालो. माणूस देशांतराला निघताना काय काय बोलतो! "मी तीन वर्षांत येतो."

"हवा भरून ठेवतो," दादा म्हणाला.

त्या तीन वर्षांची तेरा कशी झाली, हे सांगण्यासारखं काही नाही. एक हंगाम मोठा होता. एक मुलगी झाली. एक हंगाम बुडाला, तेव्हा तोंड दाखवायला नको वाटलं. दुसरी मुलगी झाली. दादाचं दोन-तीन महिन्यांनी कार्ड यायचं. चौथी पास होता तो. अक्षर मोठं, एका ओळीत चार शब्द. मळ्याचं, विहिरीचं, वहिनीच्या गुडघ्याचं लिहायचा आणि शेवटची ओळ नेहमी तीच: "कधी येऊन राहिला?" मी उत्तरात पुढचं साल लिहायचो. मग लढाई सुरू झाली, बोटींचं काही खरं राहिलं नाही, आणि मला न येण्याचं सरकारी कारण मिळालं. खोटं कशाला बोला, मला हायसं वाटलं.

त्या काळात मी जिनावर आणि बायको-मुली वीस-बावीस मैलांवर गावात भाड्याच्या खोलीत, असं आमचं चाललं होतं. अखेर कारखान्यानं आवारातच घर दिलं. विटांचं, वर पत्रे, पुढं अंगण. आम्ही सगळे एकत्र राहायला आलो. बायकोनं अंगणात सांभार पेरला. त्या दिवशी मला कळलं की आता आपण काही परत जात नाही.

हे दादाला कळवायचं होतं. म्हणजे, दादा, आता आम्ही इथलेच झालो, तू वाट पाहू नको, असं. दोन दिवस कागद समोर घेऊन बसलो. आमच्या बोलीत पहिला शब्द लिहिला की दादा बांधावर दिसायचा, गडवा घेऊन. लिहवेना. शेवटी शुद्ध भाषेत लिहिलं. शुद्ध भाषेत लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं. सुंदर वळणदार अक्षरात, हेडक्लार्कसाहेबांनी पाठ थोपटली असती असं, मी लिहिलं: "कारखान्याने घर दिले. मुलाबाळांसह येऊन राहिलो. काळजी नसावी."

आणि सांगून टाकल्यासारखं वाटून मोकळा झालो.

पत्रं तेव्हा बोटींच्या मर्जीनं जायची. किती महिने गेले ते आठवत नाही. एका शनिवारी सकाळी शेठचा माणूस गावातून टपाल घेऊन आला, त्यात दादाचं कार्ड होतं. नेहमीपेक्षा अक्षर बारीक. जास्त मजकूर मावावा म्हणून.

"लहान्यास आशीर्वाद. तू लिहिलं का कारखान्याले घर दिले अन् मुलाबाळासह येऊन राहिलो. वाचून तुही वहिनी रडली. होळीपासून दर शनिवारी सायकल घेऊन बदनेऱ्याले जाऊन राहिलो. मुंबईची गाडी पाहून घेतो अन् वापस येतो. आज अखजी झाली. तू आला नाही. लोक म्हनतात समुद्रात बोटी बुडून राहिल्या. घर देऊन टाकलं त लेकरं कुठी ठेवली? तू कोन्या गाडीनं येऊन राहिला ते लवकर कळव. हवा भरून हाय."

मी कार्ड दोनदा वाचलं. मला काही कळेना. घर देऊन टाकलं? कोणी? बायको मागून डोकावत होती. तिनं कार्ड घेतलं, वाचलं आणि आधी हसली. मग तोंडावर पदर धरला.

"तुमी काय लिहिलं होतं?" तिनं विचारलं. आमच्या घरात शुद्ध बोलायचं असा मीच घातलेला नियम होता. ती तो पाळायची, पण घाबरली की तिचं अकोला वर यायचं.

मी सांगितलं. कारखान्याने घर दिले.

"तुमचा न अन् तुमचा ल सारखाच दिसते. मले आजही वाचता येत नाही. त्याईनं ‘कारखान्याले’ वाचलं. कारखान्याले घर दिलं. म्हंजे घर वापस करून टाकलं. अन् येऊन राहिलो म्हंजे काय, ते तुमी इसरले काय?"

येऊन राहिलो. येतो आहे. निघालो आहे. वाटेवर आहे. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीलाही विचारलं तर ती हेच सांगेल.

"तुमी पुण्यात लिहिलं," बायको म्हणाली, "अन् त्याईनं अमरावतीत वाचलं."

मग तिनं विचारलं ते मला अजून ऐकू येतं. "पन भाऊजीईले सायकल कुठी येते? ते सायकल कशी नेतात?"

हातात धरून. दुसरं कशी नेणार! सहा मैल जायचं, सहा मैल यायचं, होळीपासून अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ऐन उन्हात. सायकल चालवता न येणारा माणूस हवा भरलेली सायकल हँडलला धरून बदनेऱ्याला नेतो, कारण धाकट्या भावाला उतरल्या उतरल्या तीवर बसावंसं वाटेल. आणि शनिवारीच का? मी शनिवारी यायचो म्हणून. आफ्रिकेहून येणारा माणूसही, त्याच्या हिशेबानं, शनिवारीच सुटणार होता.

आणि अखजी होऊन किती शनिवार गेले होते कोण जाणे. बोटी बुडताहेत असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही चौघं पाण्यात आहोत असं धरून तो माणूस प्लॅटफॉर्मवर उभा होता.

कारखान्याची लॉरी दुरुस्तीला गेलेली. तारऑफिस गावात. मी सायकल काढली. बायको म्हणाली, "उद्या जा, लॉरी येईल." मी म्हणालो, "आज शनिवार आहे." ती बाजूला झाली.

त्या वीस-बावीस मैलांत मी अंबागेट, राजापेठ काही केलं नाही. आंब्याचं झाड आलं आणि गेलं. नुसता तांबडा रस्ता होता. गावात पोचलो तेव्हा दुपार होऊन गेली होती. तारेत शब्द मोजून घालावे लागत. मी घातलं: सगळे सुखरूप, पत्र मागून. खिडकीतल्या गोवेकर बाबूनं माझ्या घामाकडे बघून विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही. कोणी गेलं नाही हेच कळवतोय." त्यानं शिक्का मारला.

परतीच्या वाटेवर, अर्ध्या चढात, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी सायकलवरून उतरलो. सगळे सुखरूप! दादा हे काय वाचणार? सुखरूप येऊन राहिलो, हेच वाचणार. आता तर तो दुप्पट उत्साहानं बदनेऱ्याला जाईल. तेरा वर्षांत मी दादाला एक साधी गोष्ट सांगू शकलो नव्हतो, आणि जितकी सांगायला जात होतो तितका तो माणूस स्टेशनवर जास्त उभा राहत होता.

पुन्हा सायकलवर बसलो नाही. का ते माहीत नाही. हँडल धरून चालू लागलो. जन्मभर सायकल मारली, पण सायकल हातात धरून मैलभर चाललो असं कधी झालं नव्हतं. चिखलात ती खांद्यावर असायची, एरवी मी तिच्यावर. आता कळलं की हातात धरलेल्या सायकलचं पायडल दर दहा-पंधरा पावलांनी नडगीवर येऊन आपटतं. लांब धरावी तर हँडल वळतं, जवळ धरावी तर पायडल लागतं. मी उंच, मला नडगीवर लागत होतं. दादा ठेंगणा. त्याला गुडघ्याखाली लागत असणार. दोन-तीन मैल मी असा चाललो. मग ढग भरून आले आणि पुन्हा सायकलवर बसावं लागलं.

घरी पोचलो तेव्हा मुली अंगणात होत्या. बायकोनं पाय धुवायला पाणी ठेवलं, माझी नडगी पाहिली, आणि कागद आणून दिला. तेरा वर्षांत पहिल्यांदा मी दादाला आमच्या बोलीत लिहायला बसलो. दादा बांधावर दिसला. दिसू दिला. काय झालं ते सगळं लिहिलं: न आणि लची भानगड, हेडक्लार्कसाहेब, अंगणातला सांभार. न काढताना मुलीनं पहिलीत काढावा तसा काढत होतो. शेवटी, त्यानं तेरा वर्षं विचारलेल्या ओळीचं उत्तर लिहिलं: "दादा, मी येऊन नाही राहिलो."

बायकोनं वाचायला घेतलं. त्या ओळीपाशी थांबली.

"हे आता पुण्यात वाचलं त काय होते?"

मी मनात वाचून पाहिलं. येऊन नाही राहिलो. इथं आलो खरा, पण राहिलो काही नाही.

"तेही खरंच आहे," मी म्हणालो.

ती कागदाची घडी घालत राहिली. एकदा घातलेली घडी तिनं उलगडून पुन्हा घातली.

उत्तर यायला खूप दिवस लागले. मधल्या काळात मी आंब्याच्या झाडापर्यंत जात होतो, पण तिथं बसायचा धीर होत नव्हता. सायकल टेकवायची आणि लगेच काढायची. तिकडं पत्र पोचलं की नाही, का अजून तो जाऊन राहिला आहे, काही कळायला मार्ग नव्हता. दर शनिवारी दुपारी माझं कामात लक्ष लागायचं नाही. एकदा मी चांगला कापूस हलक्यात टाकला. शेठनं विचारलं, "आंखों में क्या गया?" मी म्हटलं, "रुई."

मग कार्ड आलं. अक्षर पुन्हा मोठं झालेलं.

"लहान्या, पत्र भेटलं. समजलं. बरं झालं लिहिलं, शनिवारची भाजी वाया जाऊन राहिली होती. तुह्या वहिनीनं दोन दिस तोंड फुगवलं, आता ठीक हाय. सांभार लावला हे बरं केलं. त्याले राख टाकत जा. मी सायकल शिकून राहिलो. दोनदा मेथीत अन् एकदा झेंडूत पडलो. वहिनी हासते. चाकं एकामागं एक काहून ते समजलं, पन सांगता येत नाही. सीट उंच हाय. पाय पुरत नाही. खाली करू काय? तुही सीट हाय म्हनून पुसलं."

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. झेंडूत पडल्यावर मुली पोट धरून हसल्या. त्यांनी न पाहिलेला काका त्या दिवशी त्यांचा झाला. धाकटी म्हणाली, "मग लिहा ना हो म्हणून. त्यात काय?"

त्यात काय? खरंच, काय? एक नट ढिला करायचा. मी तीन रविवार उत्तर दिलं नाही.

चौथ्या आठवड्यात लिहिलं. असलं पत्र मला चांगलं लिहिता येतं, यंत्रावरचा माणूस आहे मी. "दादा, खाली कर. सीटच्या खाली दांड्याले नट हाय, तो पान्ह्यानं ढिला कर. तेरा वर्षं हालला नाही, गंजला असन. एक दिस तेल सोडून ठेव. मंग सीट धरून डावी-उजवी हालव अन् खाली दाब. दांड्यावरचं माह्या उंचीचं जुनं निशान नळीच्या आत जाईन, दिसनार नाही. त्याचं काही नाही. तुहे दोन्ही पाय भुईले टेकले पायजे, तेवढी खाली घे. मंग नट कसून टाक."

कार्ड टपालाच्या पिशवीत टाकलं, शेठचा माणूस घेऊन गेला.

त्या रविवारी सकाळी मी नेहमीसारखा निघालो. अंबागेट झालं. केळीची बाग आली, राजापेठ झालं. तिथून परत फिरलो. बदनेऱ्याला आता कोणी उभं नव्हतं.